माळावरची पौळ

लग्न होऊन या गावात आले त्या पहिल्याच आठवड्यात आमचे हे मला "देवाला नेतो" म्हणून घराबाहेर घेऊन निघाले, आणि मारुतीच्या पारावरून सरळ न जाता उजवीकडे माळावर वळले. मी नांदुऱ्याची, रेल्वेच्या गावात वाढलेली. नवी साडी नेसून गुडघाभर गवतातून चालायची मला सवय नव्हती. हे मात्र माळाच्या मधोमध उभे राहून दोन्ही हात पसरून सांगत होते, "इकडून एका सुभेदाराची फौज आली, अन् तिकडं, त्या बाभळीच्या अंगाले, दुसऱ्याच्या तोफा होत्या. दिवसभर लढाई चालली."

मी म्हटलं, "अन् देव कुठं हाय?"

"देव संध्याकाळी पाहू," हे म्हणाले.

घरी आले तर निऱ्यांमध्ये कुसळंच कुसळं. सासूबाईंनी साडीकडे पाहिलं, ओट्यावर बसल्या आणि माझ्याबरोबर कुसळं काढू लागल्या. काढता काढता म्हणाल्या, "तुले बी नेलं का माळावर? आता जन्मभर हेच काढत बस."

ती लढाई तीनशे वर्षांपूर्वीची. आमच्या गावचं कुणी तिच्यात असेल असं वाटत नाही. दोन्हीकडची माणसं लांबून आलेली, कुठल्या कुठल्या मुलखातली. जिंकलेल्यानं गावाला विजयाचं काहीतरी नाव दिलं आणि ते कागदावर बरेच दिवस चाललं म्हणतात, पण गावानं आपलं जुनंच नाव धरून ठेवलं. मेलेल्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत. त्यांचा इथं कुणी वारस नाही, त्यांच्या नावानं कुणी दिवा लावत नाही. एवढंच झालं की त्या माळात नांगर घालायचा नाही असा रिवाज पडला. फाळाला हाड लागतं आणि बैल जागीच बसतो, असं जुनी माणसं सांगत. त्यामुळे चारी बाजूंनी कपाशी आणि सोयाबीन येऊन भिडलं तरी मधला माळ तसाच राहिला.

माळ म्हटलं की लोकांना पडीक जमीन वाटते. मलाही वाटायची. यांच्यामुळे पाहायला शिकले. पावसाळ्यात पवन्या आणि मारवेल गवत कमरेपर्यंत चढायचं. दिवाळीच्या सुमाराला सगळ्या गवतावर तांबूस रंग यायचा. टिटवी उघड्या मुरमावर अंडी घालायची, आणि आपण जवळ गेलो की पंख मोडल्याचं सोंग करून लांब पळायची. चंडोल पक्षी सरळ वर चढत जाऊन तिथं टांगल्यासारखा राहायचा आणि गात बसायचा. पहाटे हरणं दिसायची. एकदा लांडगा दिसला, तर यांनी आठ दिवस साऱ्या गावाला तेच सांगितलं, आणि गावानं आठ दिवस शेळ्या बाहेर सोडल्या नाहीत.

आमचे हे खामगावच्या कॉलेजात इतिहास घेऊन बी.ए. झालेले. पण नोकरीच्या मागे न लागता परत येऊन वडिलांची शेती धरली. मी गावच्या शाळेत शिकवायचे. लोक मला विचारत, "बाई, तुम्ही मास्तरीण अन् इतिहास सांगते मालक, हे कसं काय?" मी म्हणायचे, "मी पोरांले शिकवतो, हे मेलेल्यांले शिकवतेत."

खरी काळजी सुरू झाली ती पक्क्या रस्त्यांची कामं निघाली तेव्हा. माळाच्या कडेला ट्रॅक्टर येऊ लागले आणि मुरूम उकरून नेऊ लागले. आज एक खड्डा, उद्या त्याच्या शेजारी दुसरा. हे ट्रॅक्टरपुढे जाऊन उभे राहायचे. ड्रायव्हर पोरं नात्यातलीच असायची. "काका, बाजूले व्हा ना बे," असं अर्धवट आदरानं म्हणायची. यांच्यासोबत उभं राहणारा एकच माणूस होता. बौद्धवाड्यातले, एसटीत कंडक्टर होते, सगळं गाव त्यांना कंडक्टरभाऊ म्हणे. मेहकर ते खामगाव गाडीवर त्यांची सारी नोकरी गेलेली. ते ट्रॅक्टरवाल्याला म्हणायचे, "मागं घे, मागं घे, आजून मागं," आणि ट्रॅक्टर खरंच मागे जायचा. इतक्या वर्षांच्या सवयीचा आवाज होता तो, माणूस विचार करायच्या आधी ऐकून मोकळा व्हायचा.

मग दोघांनी रविवार धरला. कुणी बोलावलं नाही, कुणी पैसा दिला नाही. गाजरगवत उपटायचं. वेडी बाभूळ मुळासकट खणून काढायची, कारण ती एकदा शिरली की गवत मारते. पार्टी करून गेलेल्यांच्या बाटल्या पोत्यात भरून आणायच्या. दिवाळीनंतर गवत वाळलं की कडेकडेनं जाळपट्टा काढायचा, म्हणजे गवताची एक लांब पट्टी साफ करून ठेवायची, बाहेर कुणी धुरा, म्हणजे शेताचा बांध, पेटवला तर आग आत येऊ नये म्हणून. एकदा तालुक्याच्या गावचं कुठलंसं मंडळ जीपभर रोपं घेऊन आलं, माळावर जंगल करायचं म्हणून. यांनी त्यांना पाणी पाजलं, चहा पाजला आणि रोपांसकट परत पाठवलं. ती माणसं जाताना म्हणाली, "झाडाचा दुश्मन पहिल्यांदाच पाहिला." हे म्हणाले, "गवत बी झाडच हाय, भाऊ, फक्त बुटकं हाय."

मी हसायचे. म्हणायचे, "लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. आपल्या तुरीत तण माजलं, अन् तुम्ही माळ निंदून राह्यले."

"लष्करच हाय ते," हे म्हणायचे. "कोणी तरी भाजल्या पाह्यजे."

रिटायर झाल्यावर मीही जाऊ लागले. कौतुकानं नाही, घरात एकटीला करमेना म्हणून. पण गेले आणि लागले. दहाच्या उन्हाआधी चार तास काम, मग बाभळीखाली बसून डबा. कंडक्टरभाऊंच्या घरून मिरचीचा ठेचा यायचा, तो खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी निघायचं आणि हे दोघं लहान पोरांसारखे हसायचे. हळूहळू आणखी माणसं येऊ लागली, कधी चार, कधी दहा. माझे जुने विद्यार्थी असायचे, त्यांच्या बायका असायच्या. ते दिवस चांगले होते. किती चांगले होते हे तेव्हा कळायला हवं होतं.

मग एका उन्हाळ्यात गावातल्या दोघांचे बैल मुरमाच्या खड्ड्यात पडले. एकाचा पाय असा मोडला की बैल ठेवता आला नाही. गाव तापलं. यांनी ती वेळ बरोबर पकडली. घरोघर फिरून सांगितलं की ट्रॅक्टर अडवून अडवून किती अडवणार, माळाभोवती पौळच घालू. पौळ म्हणजे चुना-सिमेंट न लावता दगडावर दगड रचून केलेली कमरेएवढी भिंत. आमच्याकडे जुन्या मळ्यांना असते. जनावर आत जात नाही आणि ट्रॅक्टर तर नाहीच नाही.

आणि वैशाखातल्या एका रविवारी गाव आलं.

आमच्या गावात गणपतीला वर्गणी मागायला गेलं तर अर्धी दारं बंद होतात. त्या दिवशी बायका टोपल्या घेऊन आल्या, माणसं घमेली आणि पहारी घेऊन आली. कुणी बैलगाडी जुंपून आणली, आणि गंमत म्हणजे मुरूम नेणाऱ्या पोरांतलाच एकजण ट्रॉली घेऊन आला. दगड कुठून आणायचे असा प्रश्न कुणाला पडलाच नाही. माळावर दगड होतेच. गवतात जागोजाग, अर्धे रुतलेले, कुठे दोन, कुठे चार, पायाला ठेच लागावी असे. हे पुढे होऊन म्हणाले, "लांबून काऊन आणता? इथलेच घ्या. माळ बी साफ होते अन् पौळ बी होते."

शेतातले दगड वेचणं हे आमच्याकडे दर उन्हाळ्याचं काम. वखरणीच्या आधी सगळं घर वावरात उतरतं, दगड वेचतं आणि धुऱ्यावर नेऊन टाकतं. पोरगं चालायला लागलं की त्याच्याही हातात खडा देतात, जा, धुऱ्यावर टाकून ये. त्यामुळे त्या दिवशी कुणाला काही शिकवावं लागलं नाही. रांगच्या रांग वाकली. रुतलेल्या दगडाखाली पहार घालायची, हलवायचा, उपटायचा, टोपलीत. मीसुद्धा पदर खोचून वेचत होते. एका म्हातारीनं ओवी धरली तर मागच्या बायकांनी उचलली. दुपारी वांग्याची भाजी आणि रोडगे झाले, पंगत बसली, बौद्धवाड्यातली आणि वरच्या आळीतली माणसं मांडीला मांडी लावून जेवली. संध्याकाळपर्यंत माळाची रस्त्याकडची सगळी बाजू बंद झाली. हे पौळीवर हात ठेवून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना इतकं आनंदात कधीच पाहिलं नव्हतं. घरी येताना म्हणाले, "आता मी मेलो तरी चालते." मी म्हटलं, "आधी अंघोळ करा."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी प्राध्यापक बाई आल्या. जुन्या लढायांच्या जागांचा त्यांचा अभ्यास होता. यांनी वर्षभर फोन करून करून त्यांना बोलावलं होतं. त्यांनी पाहून मत दिलं असतं, तर ही जागा राखीव व्हावी म्हणून वर मागणी करता आली असती. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, कंडक्टरभाऊ दाढी करून आले. बाई तरुण होत्या, डोक्यावर टोपी, पाठीवर पिशवी, उन्हाची पर्वा नाही. यांनी फौजा दाखवल्या, तोफा दाखवल्या, पौळ दाखवली. बाईंनी गावाचं मनापासून कौतुक केलं. मग माळावर नजर फिरवून विचारलं, "आणि थडगी कुठं आहेत?"

"थडगी?" हे म्हणाले.

"एवढी माणसं मेली, ती लांबची. न्यायला कोण येणार? इथंच पुरली असणार. मोठं बांधकाम नसतं हो. साधे दगड असतात. डोक्याशी एक, पायाशी एक, अर्धे जमिनीत रुतवलेले, सगळे एकाच दिशेनं. असे दोन-दोन दगड कुठं दिसतात का?"

वारा होता, गवत हलत होतं. मी यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं की यांना आत्ता, या क्षणी, ते सगळे दगड दिसतायत. लहानपणापासून रोज पाहिलेले, ज्यांची पायाला ठेच लागली, ज्यांच्यावर बसले ते. कंडक्टरभाऊच शेवटी म्हणाले, "होते, मॅडम."

"होते म्हणजे?"

भाऊंनी पौळीकडे हात केला.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पौळीजवळ गेल्या, एका दगडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "खुणा असत्या तर मला लिहिता आलं असतं. आता नुसत्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही." जाताना त्यांनी यांना नमस्कार केला. यांचे हात जोडलेच गेले नाहीत.

घरी आल्यावर ताट वाढलं, तर हे ताटाकडे बघत बसले. म्हणाले, "मी त्या लढाईचं एवढं वाचलं. कोण कुठून आलं, कोण कुठं पडलं. अन् मले ते दगडच दिसले. शेतकऱ्याले दगड दिसला का हात वाकते." माझ्या हातांनीही वेचले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पहार घेऊन निघाले. मी विचारलं, "कुठं?" म्हणाले, "ज्याचे त्याले देऊन येतो."

दगड उपटल्यावर जमिनीत त्याची खळगी राहते. उन्हाळा होता म्हणून खळग्या अजून तशाच होत्या, कोरड्या, कडा शाबूत. आणि दगडाचा जो भाग मातीत होता त्याचा रंग वेगळा राहतो, वरचा काळा आणि खालचा तांबडट. त्यावरून किती खोल होता ते समजतं. हे पौळीतून एक एक दगड काढायचे, पोटाशी धरून माळात न्यायचे आणि डब्याला झाकण लावून पाहावं तसं एकेका खळगीत बसवून पाहायचे. नाही बसला की पुढची. साठी उलटलेला माणूस, गुडघे दुखरे. कंडक्टरभाऊ सोबत होते. तिसऱ्या दिवसापासून मीही गेले.

गावातले काही जण आले, वरमलेले, तोंडातल्या तोंडात बोलणारे. पण पेरणी तोंडावर आली होती, बियाणं आणायचं होतं, वखरणी राहिली होती. आणि त्यांना हे काम उरकायचं होतं. एकजण म्हणाला, "काका, ठेवा ना कुठं बी दोन-दोन दगड. कोण पाहते?"

"ज्याचा दगड त्याच्याच उशाले गेला पाह्यजे," हे म्हणाले. "उद्या तुह्या बापाची माती दुसऱ्याच्या नावानं दिली तर चालन काय बे?"

तो परत आला नाही. त्याच्या मागोमाग बाकीचेही गेले. पारावर बोलणं सुरू झालं की मास्तरणीच्या मालकाचं डोकं फिरलं.

एका दुपारी माझाही तोल सुटला. उन्हानं डोकं दुखत होतं, हाताला फोड आले होते, एक दगड दहाव्या खळगीतही बसला नव्हता. मी तो तिथंच टाकला आणि ओरडले, "तीनशे वर्सं झाली त्यांले! माती झाली त्यांची! त्यांले काय फरक पडते? तुम्ही मराल, अन् मी काय करू?" यांनी तोच दगड उचलून पुढच्या खळगीशी नेला आणि म्हणाले, "जरा सरळ धर."

मी धरला. आणि तो बसला. असा बसला की वर-खाली, इकडे-तिकडे काही जागा राहिली नाही, तांबड्या रंगाची रेघ बरोबर जमिनीला लागली. दोन पावलांवर धाकटी खळगी होती, पायाची. तिचा दगड शोधायला आम्हाला संध्याकाळ झाली, पण तोही मिळाला. तोवर माझ्या मनात ते सगळे मेलेले म्हणजे एक घोळका होता. त्या दोन दगडांच्या मधल्या जागेकडे पाहिलं आणि एक माणूस दिसला. फार उंच नव्हता, आमच्या यांच्याएवढाच असेल. मी तिथं बसले आणि रडले. हे शेजारी बसले, पण त्यांनी मला गप्प केलं नाही.

अशा जोड्या लागल्या त्या हाताच्या बोटांवर मोजाव्या एवढ्याच. मग मृग लागला. पाणी साचलं, खळग्यांच्या कडा ढासळल्या, मुरूम वाहून आला आणि आठवड्यात सगळी जमीन एकसारखी झाली. वर गवत उगवलं, त्या वर्षी फार चांगलं उगवलं. हे छत्री घेऊन पौळीपाशी उभे राहून बघायचे.

पुढच्या थंडीत सौरऊर्जेच्या कंपनीची माणसं गावात आली. त्यांना सपाट जागा हवी होती, झाडं नसलेली आणि कुणाच्या वहितीत नसलेली. ग्रामसभा भरली. आमच्या गावात मी एवढी वर्षं शिकवलं, त्यामुळे समोर बसलेले बहुतेक माझेच विद्यार्थी. कोण काय बोलणार हे मला चेहऱ्यांवरून कळत होतं. हे उठले. लढाई सांगितली, चंडोल सांगितला, गवत सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, खोटं कशाला बोलू. मग मागून एकजण, वाईट माणूस नव्हे, पौळीच्या दिवशी सगळ्यांत जास्त दगड वाहणाऱ्यांतला, उठून म्हणाला, "काका, तुमचं सगळं खरं. पण आता तिथं हाय काय? आपणच तर साफ केलं. नांगर घालू नये म्हणत होते जुने लोक, तर कंपनी नांगर थोडी घालून राह्यली?"

काही जण हसले. हे खाली बसले. हात वर करायची वेळ आली तेव्हा विरोधात यांचा, माझा, कंडक्टरभाऊंचा आणि एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा हात होता. बाकी सगळ्या गावाचा हात दुसरीकडे होता. मला त्यांचा राग आला, अजून येतो. पण त्यांच्यापाशी बोट दाखवायला काही नव्हतं, आणि आमच्यापाशीही नव्हतं, हेही खरं आहे.

यंत्रं आली तेव्हा हे घरात बसून राहिले. मी आणि कंडक्टरभाऊ गेलो. पिवळं यंत्र गवताची साल काढत चाललं होतं. आम्ही लावलेल्या जोड्या कुठं होत्या ते मला दाखवतासुद्धा आलं नाही. भाऊ एकदा "मागं घे," असं म्हणाले, पण आवाज निघाला नाही. चंडोल वर चढले होते आणि गात होते, खाली उतरायला त्यांना जागा नव्हती. मग यंत्र पौळीकडे वळलं. पौळ त्यांच्या फाटकाच्या आड येत होती. तिचे दगड भरभरून नेले आणि कंपनीपासून गावापर्यंत जो नवा रस्ता होत होता त्याच्या पायात अंथरले. वर खडी, वर डांबर. हे मी घरी येऊन सांगितलं नाही, पण गावात काय लपतं? दुसऱ्या दिवशी यांना कळलंच.

त्या रस्त्याचं गावाला फार सुख झालं. मेहकरची गाडी थेट पारापर्यंत येऊ लागली. पूर्वी पावसाळ्यात पांदणीनं, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेनं, चिखल तुडवत जावं लागायचं. आता पोरं सायकली पळवू लागली. एक आमचे हे त्या रस्त्यावर चढले नाहीत. कापूस न्यायचा तरी पांदणीनं, दवाखान्यात जायचं तरी पांदणीनं, लग्नाला जायचं तरी गुडघ्यापर्यंत पॅन्ट वर करून. लोक थट्टा करायचे, "काका, डांबर चावते का?" हे हसल्यासारखं करायचे. एकदा मी म्हटलं, "अवो, बस हाय ना, बसमधून जाऊ. आपले पाय कुठं लागतेत?" तर म्हणाले, "मास्तरीणबाई, ते मीच तिथं नेऊन टाकले. तू जाय." मग मीही पांदणीनंच जाऊ लागले. रविवारी हे अंगणातल्या बाजेवर बसून राहायचे, पाठ माळाकडे करून. कंडक्टरभाऊ यायचे, दोघं चहा प्यायचे, पिकाचं बोलायचे. माळाचं नाव नाही.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी हे गोठ्यातून आले, छातीवर हात ठेवून ओसरीवर बसले आणि त्यांना घाम फुटला. शेजारच्या पोरानं फोन केला, ॲम्ब्युलन्स आली. आली ती त्या रस्त्यानंच आली, म्हणून एवढ्या लवकर आली. पांदणीत ती शिरलीच नसती. यांना स्ट्रेचरवर घेतलं, हाताला सलाईन लावलं, मी उशाशी बसले. काचा वर होत्या आणि पांढऱ्या रंगवलेल्या, झोपलेल्या माणसाला बाहेरचं काही दिसत नव्हतं. गाडी पाराजवळून वळली.

यांनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "कोणत्या रस्त्यानं चाललो?"

सारी नोकरी मी पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगण्यात घालवली. मी म्हटलं, "पांदणीनं."

गाडी सुरळीत चालली होती. खड्डा नाही, दणका नाही, टांगलेली बाटलीसुद्धा हलत नव्हती. मी देवाला म्हणत होते, एक तरी गचका बसू दे.

"पांदण लय सरळ झाली," हे म्हणाले.

"मुरूम टाकला पंचायतीनं," मी म्हटलं. "झाली आता चांगली."

यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मग हळूहळू, फार त्रास होत असताना, दोन्ही पाय वर ओढले. थोर माणूस किंवा देवाची वस्तू पायाशी आली की आपण पाय आखडून घेतो ना, तसे पोटाशी घेतले आणि तसेच धरून ठेवले. अंगात जोर नव्हता, ते खाली घसरायला लागले. मी उशाशी होते ती उठून पायाशी गेले, दोन्ही पाय माझ्या मांडीवर उचलून घेतले आणि पदरात धरून बसले.

मेहकरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली, सलाईन काढलं आणि ते पाय सरळ केले.